एका पत्त्यावर तीन मुक्काम

वाचकांचे प्रश्न: घर, इमारत आणि आपण

प्रश्न : मी वास्तुकलेच्या शेवटच्या वर्षाला आहे. थिसिससाठी ४२ मजल्यांचा टॉवर घेतलाय. त्यात २०० तात्पुरती घरं (बदलीवर आलेले, उपचारासाठी आलेले, स्वतःचं घर दुरुस्तीला काढलेले लोक), १८० खोल्यांचं हॉटेल आणि ९० मालकीचे फ्लॅट आहेत. फ्लॅट खाली, हॉटेल मध्ये आणि तात्पुरती घरं सगळ्यात वर ठेवली, म्हणजे हलक्या तयार पेट्या (खोलीएवढे सुटे डबे) बसवता येतील आणि नको तेव्हा काढून टाकता येतील. भेदभाव नको म्हणून तिघांना मिळून एकच प्रवेशद्वार आणि एकच लिफ्ट लॉबी दिली. ज्यूरीत (परीक्षकांसमोर) ऐकून घ्यावं लागलं, ‘हे तीन टॉवर एकमेकांच्या डोक्यावर बसवलेत.’ म्हणजे नेमकं काय चुकलं, ते कुणीच सांगत नाही. सेक्शन (इमारतीच्या उभ्या छेदाचं चित्र) सोबत पाठवतेय.
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुझा सेक्शन दोन दिवस माझ्या टेबलावर आहे. चहाचा एक डाग पडलाय, तेवढं माफ कर.

ज्यूरी बोलली ते खरं, पण अर्धवट. अशा प्रत्येक इमारतीत तीन इमारती एकमेकींच्या डोक्यावरच बसलेल्या असतात, त्याला इलाज नाही. बघायचं असतं ते हे, की वरचीचं काय काय खालचीच्या पोटातून जातं. वरच्यांच्या लिफ्ट, सांडपाणी, जिने, आगीचं पाणी, कचरा आणि गाद्या, सगळं खालच्यांच्या मधून जाणार. म्हणून सेक्शन काढायच्या आधी एक हिशेब करायचा असतो. तो तू केलेला दिसत नाही. चौरस मीटरचे तक्ते मात्र सुंदर आहेत.

हिशेब मुक्कामाचा. तात्पुरत्या घरात माणूस सरासरी तीन महिने राहील असं धरू. म्हणजे एका घरात वर्षाला चार बिऱ्हाडं आणि २०० घरांत ८००. प्रत्येक बिऱ्हाड एकदा चढणार आणि एकदा उतरणार. वर्षाला १६०० वेळा सामान हललं, म्हणजे रोज चार ते पाच बिऱ्हाडं. तीही सारखी वाटलेली नाहीत. महिनाअखेरीच्या तीन दिवसांत झुंबड उडेल आणि मधल्या मंगळवारी चिटपाखरू नसेल. आता फ्लॅट बघ. मालकीच्या घरातून माणूस दहा-दहा वर्षं हलत नाही, तेव्हा ९० फ्लॅटमधून वर्षाला आठ-दहा बिऱ्हाडं हलली तर पुष्कळ. हॉटेलात वर्दळ सगळ्यात जास्त: पाऊणपट खोल्या भरलेल्या आणि दोन रात्रींचा मुक्काम धरला, तर रोज ६७-६८ खोल्यांत नवा पाहुणा येतो. पण त्याच्या हातात एक बॅग असते. त्याची गादी खोलीतच असते.

आता तुझा सेक्शन परत बघ. ज्यांचं सामान रोज हलणार, त्यांना तू चाळिसाव्या मजल्यावर चढवलंयस आणि जे दहा वर्षांतून एकदा हलणार, त्यांना रस्त्याजवळ बसवलंयस. प्रत्येक गादी, प्रत्येक सायकल, बाळाचा प्रत्येक पाळणा तीस मजले ओलांडून जाणार आणि तेवढा वेळ मालाची लिफ्ट अडवून ठेवणार. त्याच लिफ्टची हॉटेलच्या चादरीही वाट बघत असणार.

दुसरा हिशेब माणसांचा. तुझ्या प्लॅनप्रमाणे मजल्यावर तात्पुरती २० घरं आहेत, घरात दोन माणसं धरली तर ४०. हॉटेलच्या १८ खोल्यांत दीड-दीड धरली तर २७. फ्लॅट सहा, साडेतीन माणसांच्या हिशेबानं २१. दाटी खाली ठेवली की खालच्या लिफ्टचा गट तेराव्या-चौदाव्या मजल्यावर संपतो. त्याच्या डोक्यावर यंत्रासाठी थोडी उंची सोडली की तिथून पुढे शाफ्टची (लिफ्टच्या उभ्या पोकळीची) ती जागा वरच्यांना मिळते आणि गाभा, म्हणजे लिफ्ट-जिन्यांचा मधला भाग, टप्प्याटप्प्यानं बारीक होत जातो. दाटी वर ठेवलीस तर तोच गट पूर्ण उंचीभर जातो आणि वाटेतल्या प्रत्येक फ्लॅटचा, प्रत्येक खोलीचा एक घास खातो. तुझ्या गाइडनी विचारलं होतं ना, की फ्लॅट इतके चिंचोळे का झाले? ते याच्यामुळे.

शिकागोचं जॉन हॅनकॉक सेंटर तुझ्या संदर्भांच्या शीटवर आहे. तू त्याचे बाहेरचे तिरके एक्स पाहिलेस आणि उचललेस. ते उचलायला हरकत नाही, पण ती इमारत वर निमुळती का होते, हे पाहायचं राहिलं. इंजिनिअर फझलूर खान आणि आर्किटेक्ट ब्रूस ग्रॅहम यांची ही १०० मजली इमारत १९६९ मध्ये पुरी झाली. खाली दुकानं, गाड्या आणि ऑफिसं, वर घरं. पायथ्याला ती साधारण ८० बाय ५० मीटर आहे आणि माथ्यावर साधारण ५० बाय ३०. ऑफिसला खोल मजला चालतो, खिडकीपासून लांब बसलेला माणूस तक्रार करतो पण काम करतो. घराला तसा मजला चालत नाही, खिडकीपासून आठ-नऊ मीटरच्या आत घर संपावं लागतं. म्हणजे तो उतार वाऱ्याला तोंड देतो आणि घरांच्या गरजेलाही. चव्वेचाळिसाव्या मजल्यावर रहिवाशांची लॉबी आहे. तिथे लिफ्ट बदलायची आणि आपापल्या घरी जायचं. पोहायचा तलावही त्याच मजल्यावर. उंचावरचा तो नाका आहे.

हॉटेल कुठे बसवायचं याला मात्र ठाम नियम नाही, आणि कुणी ठामपणे सांगितला तर ऐकू नकोस. शांघायच्या जिन माओ टॉवरमध्ये (१९९९, ८८ मजले) हॉटेल त्रेपन्नाव्या मजल्यापासून वर आहे. लंडनच्या शार्ड टॉवरमध्ये हॉटेल ३४ ते ५२ वर आणि फ्लॅट त्याच्याही वर, ५३ ते ६५. हॉटेलला देखावा एका रात्रीपुरता विकायचा असतो, फ्लॅटवाल्याला तो कायमचा. तुझ्या ४२ मजल्यांत मी तीन मजले पोडियमचे (पायथ्याच्या रुंद भागाचे) ठेवीन, त्यावर दहा तात्पुरत्या घरांचे, मग एक सर्व्हिस फ्लोअर (यंत्रं, पंप आणि टाक्यांचा मजला), हॉटेलचे दोन सार्वजनिक आणि दहा खोल्यांचे, पुन्हा एक सर्व्हिस फ्लोअर आणि वर पंधरा फ्लॅटचे. बेरीज करून बघ, बसते.

पेट्यांबद्दल. इथे जरा थांबते, कारण हा मोह मलाही तुझ्या वयात झाला होता. टोकियोत आर्किटेक्ट किशो कुरोकावांचा नाकागिन कॅप्सूल टॉवर १९७२ मध्ये उभा राहिला. त्यात १४० पेट्या होत्या, एकेक पेटी सुमारे दहा चौरस मीटरची, बोल्टांनी गाभ्याला अडकवलेली. दर पंचवीस वर्षांनी जुनी काढायची आणि नवी बसवायची, असा बेत होता. पन्नास वर्षांत एकही बदलली गेली नाही आणि २०२२ मध्ये अख्खी इमारत उतरवली. कागदावर पेटी बोल्ट काढला की सुटते. प्रत्यक्षात तिच्या आजूबाजूला दुसऱ्या पेट्या असतात, पाइप असतात, आणि त्याहून अवघड म्हणजे मालक असतात. बदलायचा खर्च कुणी करायचा यावर सगळ्यांचं जमावं लागतं. तुझ्या पेट्या तर १३० मीटरवर आहेत. एक पेटी बदलायला क्रेन कुठून आणणार, ते तुझ्या शीटवर नाही. अगं, तात्पुरता तिथला माणूस असतो. भिंतीनं पक्कंच असावं, उलट जरा जास्तच पक्कं, कारण दर तीन महिन्यांनी तिला नव्या सामानाचे कोपरे लागणार आहेत. पलंग, कपाट, टेबल भिंतीत बांधून दे. जेवढं तू बांधशील तेवढं लिफ्टमधून कमी जाईल.

कॉलमची जाळी ८.४ मीटरची धर, म्हणजे दोन कॉलमांत तेवढं अंतर. तिच्यात ४.२ मीटरच्या दोन खोल्या बसतात आणि तळघरात दोन कॉलमांमध्ये तीन गाड्या. फ्लॅटसाठी दोन-तीन गाळे जोडायचे. तिन्ही वापरांना तीच जाळी पुरली की कॉलम वरून खालपर्यंत सरळ उतरतात आणि मध्ये वरच्या कॉलमांचं वजन खालच्या वेगळ्या जागच्या कॉलमांवर नेणारा, दीड-दोन मीटर खोलीच्या बीमांचा ट्रान्सफर फ्लोअर लागत नाही. हॉटेलचा मोठा हॉल टॉवरच्या पोटात नको. तो बाजूला, पोडियमवर काढ. त्याला खांब नको असतात आणि तुझ्या डोक्यावर एकोणचाळीस मजले आहेत.

दरवाजा. तुझा हेतू चांगला आहे, उत्तर चुकलंय. हॉटेलचं दार चोवीस तास अनोळखी माणसांसाठी उघडं असतं, तोच त्याचा धंदा. फ्लॅटमधल्या आठ वर्षांच्या पोराला मात्र एकट्यानं लिफ्टनं खाली यायचं असतं. ही दोघं एकाच लॉबीत आली की थोड्याच दिवसांत तिथे पहारा बसतो, मग वाट अडवणाऱ्या पट्ट्या, मग ओळखपत्रं. आणि त्या पहाऱ्यात सगळ्यात जास्त अडवला जातो तो तात्पुरता माणूस, कारण त्याचा चेहरा कुणाला पाठ नसतो. म्हणजे ज्याच्यासाठी तू दार एक केलंस, त्यालाच ते जड जाणार.

म्हणून दारं तीन, लिफ्टचे गट तीन, पण तिन्ही दारं एकाच फुटपाथवर, एकाच उंचीची, एकाच छज्ज्याखाली. मागच्या गल्लीत एकही नको. न्यूयॉर्कमध्ये २०१४ च्या सुमारास एका टॉवरमध्ये परवडणाऱ्या घरांना वेगळं दार दिल्यावरून मोठा गदारोळ झाला, ‘गरिबांचा दरवाजा’ हा शब्द जगभर गेला, आणि पुढच्याच वर्षी तिथे असल्या दारांवर कायद्यानं बंदी आली. लोकांना वेगळ्या लिफ्टचा राग नसतो, दार कुठे उघडतं त्याचा असतो.

आणि टपालपेटी. हॉटेलच्या पाहुण्याला ती लागत नाही, फ्लॅटला प्रत्येक जण देतो, तात्पुरत्या घराला सगळे विसरतात. तूही विसरलीस. तीन महिन्यांच्या मुक्कामातही बँकेचं पत्र येतं, दवाखान्याचा रिपोर्ट येतो, पोराच्या शाळेला पत्ता द्यावा लागतो. २०० कुलूपबंद पेट्या भिंतीवर किती जागा खातात, ते काढून बघ.

माझ्या पहिल्या मिश्र इमारतीत मी मागच्या बाजूला ट्रक लावायला एकच जागा ठेवली होती. मालकानं खूष होऊन वाचलेल्या जागेत आणखी एक दुकान काढलं. उद्घाटनानंतरच्या पहिल्याच महिनाअखेरीला सकाळी सात वाजता मला फोन आला. गेले तर लाँड्रीचा ट्रक आत, कचऱ्याची गाडी त्याच्या मागे आडवी, आणि रस्त्यावर एका कुटुंबाचा टेम्पो, त्यावर उलटी बांधलेली कपाटं. त्या कुटुंबातल्या आजी फुटपाथवर आपल्याच खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, “तुम्ही पण घर बदलताय का?” मी इमारत काढलीय हे सांगायचं धाडस झालं नाही. तेव्हापासून मी ट्रकच्या जागा किमान तीन काढते आणि त्यातली एक बिऱ्हाडांच्या नावानं राखून ठेवते. मालकानं दुकान मागितलं तरी.

आग. यावर तुझ्या शीटवर दोन जिने आणि एक हिरवा बाण आहे. एवढ्यावर भागत नाही.

लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलची आग वाच. नोव्हेंबर १९८०. आग तळमजल्यावरच्या एका खानावळीत लागली आणि ८५ माणसं गेली. त्यातली बहुतेक वरच्या मजल्यांवर. ज्वाळा तिथवर पोचल्याच नव्हत्या. धूर पोचला, जिन्यातून, लिफ्टच्या शाफ्टमधून, इमारतीच्या सांध्यांतून. खाली लोकांची गर्दी, स्वयंपाकघरं, दुकानं आणि वर झोपलेली माणसं, हा तुझ्या टॉवरचाही नकाशा आहे. म्हणून वापर बदलतो तिथला स्लॅब आगीच्या दृष्टीनं पूर्ण बंद हवा. त्यातून जाणारा प्रत्येक पाइप सील केलेला, जिन्यात हवेचा दाब राखलेला आणि ठरावीक मजल्यांवर जिन्यातून परत आत येता येईल अशी दारं. जिन्यात शिरलेला माणूस वर-खाली दोन्हीकडे धुरात अडकू नये.

त्याहून अवघड गोष्ट नियमांची आहे. काही देशांत फ्लॅटना सांगतात, आग तुमच्या घरात नसेल तर आतच थांबा. हॉटेलच्या पाहुण्याला सांगतात, बाहेर पडा. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये २०१७ साली बाहेरून लावलेल्या ज्वालाग्राही आवरणामुळे आग अख्ख्या इमारतीला वेढून गेली, ‘आतच थांबा’ हा सल्ला चालेना आणि ७२ जण दगावले. तिथे जिनाही एकच होता. तुझ्या टॉवरमध्ये एकाच घंटेचे तीन अर्थ होता कामा नयेत. आणि तात्पुरत्या घरातला माणूस या दोघांच्या मधला: स्वयंपाक घरच्यासारखा करतो, पण जिना कुठे आहे ते हॉटेलच्या पाहुण्याइतकंच त्याला ठाऊक असतं. मी त्याला हॉटेलच्या पंगतीत बसवीन, म्हणजे घंटा वाजली की बाहेर. मग घंटा उगाच वाजू नये याची काळजी घ्यावी लागते. स्वयंपाकाच्या ओट्याजवळ धुराचा सेन्सर लावलास तर रोज सकाळी टोस्ट जळला की दहा मजले जिन्यात. तिथे उष्णतेचा सेन्सर लाव, धुराचा झोपायच्या भागात.

पाणी थोडक्यात. दहा मीटर उंचीला एक बार दाब. तुझी इमारत १३५ मीटर, म्हणजे माथ्यावरच्या टाकीतून थेट खाली आणलंस तर तळाच्या नळाला तेरा बारच्या वर, नळच हातात येईल. सर्व्हिस फ्लोअरवर मधल्या टाक्या ठेव आणि दाबाचे टप्पे कर. तात्पुरत्या घरांत आणखी एक धोका आहे. दोन बिऱ्हाडांच्या मध्ये एखादं घर कधी कधी पंधरा-वीस दिवस रिकामं राहतं आणि पाइपात कोमट पाणी साचून बसतं. फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात १९७६ साली संमेलनाला आलेल्या ‘अमेरिकन लिजन’ या संघटनेच्या माजी सैनिकांना एक गूढ न्यूमोनिया झाला. त्या संघटनेवरून तो आजार करणाऱ्या जंतूचं नाव लिजिओनेला पडलं. त्याला २० ते ४५ अंशांचं पाणी आवडतं. म्हणून गरम पाणी ६० अंशांवर साठवायचं, सतत फिरतं ठेवायचं, नळाशी चटका बसू नये म्हणून मिसळणारा व्हॉल्व्ह द्यायचा आणि रिकाम्या घराचे नळ दर आठवड्याला वाहते करायचे. हे शेवटचं काम आर्किटेक्टचं नाही, पण ते करणाऱ्या माणसाला बसायला खोली देणं आपलंच.

एक राहिलं. १३५ मीटर उंच आणि १८ मीटर रुंद म्हणजे रुंदीच्या साडेसात पट उंची. पडणार नाही, डोलेल. ऑफिसात बसलेल्याला जेवढं डोलणं खपतं, त्याच्या साधारण दोन-तृतीयांशच आडव्या पडलेल्या माणसाला खपतं. तुझ्या इमारतीत तर सगळेच रात्री आडवे. स्ट्रक्चरच्या सरांकडे जाऊन ‘उभी राहील का’ एवढंच विचारू नकोस, ‘वर झोप लागेल का’ ते विचार.

प्रश्न : आमच्या टॉवरमध्ये खाली हॉटेल, मध्ये एक सर्व्हिस फ्लोअर आणि वर आमचे फ्लॅट आहेत. आमचा फ्लॅट पहिलाच. रात्री दोन-अडीचला पलंगाच्या डोक्याशी घरघर सुरू होते आणि दहा मिनिटांत थांबते. हॉटेलवाले म्हणतात, भ्रम आहे.
– झोपमोड झालेले गृहस्थ

उत्तर : भ्रम ठरल्या वेळी सुरू होऊन दहा मिनिटांत थांबत नाही, पंप थांबतो. बहुतेक वरची टाकी त्या वेळी भरत असावी. एका रात्री हॉटेलच्या इंजिनिअरला सोबत घ्या, तुम्ही पलंगावर कान लावून पडा आणि त्यांना एकेक यंत्र बंद करायला सांगा. फोन चालू ठेवा. चोर सापडला की पुढचं सोपं आहे. पंपाखाली स्प्रिंगचे पाय आहेत का ते बघा. असले तरी वाहतुकीच्या वेळचे अडकवलेले बोल्ट काढले नसतील तर ते नसल्यासारखेच. पंप आणि पाइप यांच्यामध्ये रबरी जोड हवा. आणि पाइप तुमच्या स्लॅबला थेट क्लॅम्पनं टांगलेला असेल तर आवाज तिथून चढतोय, पंप कितीही मऊ बसवला तरी. क्लॅम्पला रबर घालून घ्या. खोलीत फोमच्या लाद्या लावायला कुणी सांगेल. त्या हवेतल्या आवाजाला, स्लॅबमधून येणाऱ्या घरघरीला नाहीत. सगळं होईपर्यंत पंपाची वेळ बदलून मागा. ते आजच होण्यासारखं आहे.

प्रश्न : आमच्या नव्या टॉवरमध्ये हॉटेल आणि फ्लॅट असणार आहेत. पुढे हॉटेल चाललं नाही तर त्याच्या खोल्यांचे फ्लॅट करता येतील का? आम्ही तिघे भागीदार आहोत आणि यावरून रोज वाद होतो.
– एक भागीदार

उत्तर : येतील, पण ते आज ठरवायला हवं. दोन खोल्यांमधल्या भिंतीत दाराएवढी जागा लिंटलसह (वरच्या आडव्या तुळईसह) सोडून ठेवा. प्रत्येक खोलीच्या शाफ्टमध्ये स्वयंपाकघराच्या सांडपाण्यासाठी आणि धुराड्यासाठी जागा ठेवा, पाइप नंतर टाकता येतो. विजेचं आणि पाण्याचं मीटर खोलीगणिक बसेल एवढी जागा प्रत्येक मजल्यावर ठेवा. गाड्यांची जागा मात्र नंतर निर्माण करता येत नाही. हॉटेलच्या खोलीला पुरतात त्याहून जास्त गाड्या फ्लॅटला लागतात. उलट्या बाजूचा, म्हणजे फ्लॅटचं हॉटेल करायचा विचार तुमच्यापैकी कुणाच्या मनात असेल तर तो सोडा. तिथे फ्लॅटगणिक एक मालक असेल. तुम्ही तिघे आहात आणि तरी रोज भांडताय.